हब मोटरची उष्णता: हिशेबात १३०, बेंचवर १६८

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या एका तरुण इंजिनिअरने मालवाहू ई-स्कूटरसाठी हब मोटर, म्हणजे चाकाच्या आतच बसणारी मोटर, बनवली आहे. स्टेटर, म्हणजे तांब्याच्या तारांचं वाइंडिंग असलेला स्थिर भाग, २०० मि.मी. व्यासाचा आणि ३५ मि.मी. रुंद, एअर गॅप (स्टेटर आणि फिरता रोटर यांच्यातली फट) ०.८ मि.मी., चुंबक निओडायमियमचे, साध्या एन ग्रेडचे. ३५ अंशांच्या खोलीत, समोर पंखा लावून आणि करंट स्थिर धरून त्यांनी मोटर बेंचवर चालवली. एकूण लॉस (उष्णतेत वाया जाणारी शक्ती) १०० वॅट धरला, त्यातले ९० तांब्यातले आणि १० लोखंडातले. कॉम्प्युटरवर वाइंडिंग १३० अंशांवर थांबत होतं. बेंचवर अडीच तासांनी १६८ झालं आणि तरी चढतच होतं. वार्निशचा वास यायला लागला तेव्हा त्यांनी मोटर बंद केली. आता ते विचारतात: मॉडेल कुठे चुकलं, चुंबक जास्त उष्णता सोसणाऱ्या एसएच ग्रेडचे घ्यावेत का, आणि हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का?

बंद केलीत ते उत्तम केलंत. एफ क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा १५५ अंश, एच क्लासची १८०. तुमचा सेन्सर एण्ड वाइंडिंगच्या (लोखंडाबाहेर आलेल्या वळशांच्या) बाहेर बांधलेला दिसतोय, म्हणजे आतला सगळ्यात गरम वळसा १६८ च्याही वर असणार.

आधी पहिली चूक, कारण ती कागदावरच सापडते. तुम्ही ९० वॅट काढलेत ते गार तांब्याच्या रोधावरून. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. करंट स्थिर असेल तर रोधाबरोबर लॉस वाढतो, लॉसमुळे तापमान वाढतं, तापमानामुळे पुन्हा रोध. व्याजावर व्याज चढतं तसं. तुमच्या मॉडेलमध्ये १०० वॅटला ९५ अंश वाढ, म्हणजे एकूण औष्णिक रोध ०.९५ अंश प्रति वॅट. तो तूर्त बरोबर आहे असं धरू. ३५ अंशांपासून मोजलं तर तांब्याच्या रोधाची वाढ अंशाला ०.३७ टक्के. आता ०.९५ गुणिले ९० गुणिले ०.००३७, म्हणजे जवळजवळ ०.३२. खरी वाढ ९५ नव्हे, ९५ भागिले ०.६८, म्हणजे १३९ अंश. त्यात खोलीचे ३५ मिळवा: १७४. तुमची मोटर १६८ वरून तिकडेच निघाली होती.

तो ०.३२ चा आकडा लक्षात ठेवा. तो १ कडे सरकला की मोटरला थांबायला तापमानच उरत नाही. सॉफ्टवेअर तरीही एक शांत आकडा छापतं, कारण त्याला लॉस स्थिर सांगितलेला असतो. ही साखळी मोटरचा कालस्थिरांकसुद्धा (तापमान किती वेळात स्थिरावतं ते सांगणारा आकडा) लांबवते. तुमच्या मोटरचा मूळचा साधारण ३३ मिनिटांचा होता, तो या चक्रामुळे ४८ च्या घरात गेला. म्हणूनच अडीच तासांनंतरही आलेख आडवा झाला नाही. एआयएस-०४१ या भारतीय वाहन मानकाप्रमाणे जी ३० मिनिटांची कमाल शक्ती मोजतात, तेवढ्या वेळात अशी मोटर शेवटच्या तापमानवाढीच्या निम्म्यापर्यंत कशीबशी पोचते. त्या चाचणीत पास झालेली मोटर दिवसभर तेवढाच भार ओढेल असं समजू नका. अनेकांची इथेच फसगत होते.

बेंचवर करंट स्थिर होता. घाटात टॉर्क स्थिर लागतो आणि तिथे चुंबकही हिशेबात येतो. निओडायमियम चुंबकाची ताकद दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के घटते. चुंबक २० वरून ८० अंशांवर गेला की ७ टक्के गेले. तेवढाच टॉर्क हवा तर करंट ८ टक्के जास्त, आणि करंटचा वर्ग म्हणून तांब्यातला लॉस १६ टक्के जास्त. त्यावर तांबं १५० अंशांवर असलं तर रोध दीडपट. दोन्ही मिळून गार मोटरच्या पावणेदोन पट लॉस, तेवढ्याच चढाला.

आता ०.९५ कडे. मघाशी बरोबर धरला खरा, पण तो तुमच्याकडे आला कसा यावर माझा विश्वास नाही. तुम्ही पाठवलेल्या चित्रात स्टेटरचं लोखंड फार सुंदर रंगवलंय, दाताच्या (तारा भरलेल्या दोन स्लॉटमधल्या लोखंडाच्या) टोकापर्यंत बारीक जाळी आहे. पण उष्णता लोखंडात अडत नाही. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, लॅमिनेशनची (स्टेटरच्या पातळ लोखंडी पत्र्यांची) पत्र्याच्या पातळीतल्या दिशेने २५ ते ३०, वार्निशची ०.२, हवेची ०.०३. या आकड्यांकडे एकदा नीट बघा. तुमचा ०.८ मि.मी. चा गॅप म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने दहा मीटर लांब तांब्याचा ठोकळा. जाळी किती बारीक हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो फटींचा: कुठे आहेत, किती आहेत, आणि त्यांत काय भरलंय.

हब मोटरमध्ये तर हे फारच जाणवतं, कारण रोटर बाहेर आणि स्टेटर आत कोंडलेला. नेहमीच्या मोटरीत स्टेटर बॉडीत दाबून बसवलेला असतो, बॉडीला फिन्स असतात, उष्णतेला सरळ रस्ता मिळतो. इथे स्टेटरला बाहेरच्या हवेचं दर्शनच नाही. एक वाट एअर गॅप ओलांडून चुंबक आणि रिमकडे. दुसरी आतल्या हवेला तापवून साइड कव्हरकडे. तिसरी अॅक्सलमधून, पण तो बारीक आणि स्टीलचा, त्यामुळे ती जवळजवळ सोडून द्या.

पहिली वाट मोजू. गॅपचं क्षेत्रफळ पाय (३.१४) गुणिले ०.२ गुणिले ०.०३५, म्हणजे ०.०२२ चौरस मीटर. तुमच्या वेगाला एवढ्या अरुंद गॅपमध्ये भोवरे उठत नाहीत, ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्ये दाखवलेल्या मर्यादेच्या खूप खाली आहोत आपण. म्हणजे ती हवा नुसत्या चादरीसारखी वागते. रोध निघतो १.२ अंश प्रति वॅट. दुसरी वाट, म्हणजे आतल्या हवेतून कव्हरपर्यंत, मी अनुभवाने १.२ च्या आसपासच धरतो, मोटर फिरत असताना. दोन्ही समांतर, म्हणून ०.६. मग कव्हर आणि रिमपासून बाहेरच्या हवेपर्यंत, पंख्यासमोर किंवा ३० च्या वेगाला, ०.२६. आणि वाइंडिंगपासून दातांपर्यंत ०.०८. बेरीज ०.९५ च्या जवळ आली. म्हणजे तुमची बेरीज जमली. पण त्यातला दोन तृतीयांश भाग एअर गॅप आणि आतली हवा यांचा आहे, आणि तुमच्या मॉडेलमध्ये त्यांना मिळून दोन ओळी मिळाल्यात.

०.०८ वर थोडं थांबतो, कारण त्यानेच मला एकदा चांगलं पोळलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी भोसरीत एका छोट्या कारखान्याची मोटर तपासत होतो. वाइंडिंग आणि दात यांच्यात हिशेबाने १२ अंश फरक यायला हवा होता, येत होता तिशीच्या वर. दोन आठवडे मॉडेलमध्ये लिंबू पिळत बसलो. शेवटी तिथल्या वाइंडिंगवाल्या काकांनी हॅक्सॉ घेतला, स्टेटर व्हाइसमध्ये धरला आणि एक स्लॉट आडवा कापून माझ्यापुढे ठेवला. लेदरॉइड पेपर, वर बांबूची पट्टी, कडेच्या तारांवर वार्निशचा पिवळसर थर. आणि मधल्या तारा कोरड्या ठणठणीत, बोटाने ढकलल्या की हलत होत्या. स्टेटर बुडवला होता, पण गरम न करता, घाईत. वार्निश आतवर शिरलंच नव्हतं. वार्निश हवेच्या सहा-सात पट उष्णता नेतं. ते नसेल तर तारेभोवती काय आहे? हवाच. तेव्हापासून नवीन मोटरचा एक स्टेटर कापायचाच, हा माझा नियम आहे. तुमचा तो वास आलेला स्टेटर नाहीतरी गेलाच असेल, त्याचाच मान ठेवा.

कापण्याआधी मात्र त्याच्यावर एक चाचणी करून घ्या. चाक स्थिर ठेवा, फेजमधून डीसी करंट सोडा, आणि व्होल्टेज वेगळ्या दोन तारांनी थेट वाइंडिंगच्या टोकांवर मोजा. करंटच्याच तारांवर मोजलंत तर क्लिपांचा रोध तुमच्या मोटरच्या माथी बसेल. यात गंमत अशी की व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे अचूक वॅट, आणि व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, म्हणजेच तांब्याचं सरासरी तापमान. एकाच जोडणीत हीटरही आणि थर्मामीटरही. सूत्र सोपं आहे: गरम रोध भागिले गार रोध, गुणिले (२३५ अधिक गार तापमान), आणि शेवटी त्यातून वजा २३५. ३० अंशांवर ०.१२० ओहम होता आणि ०.१५८ झाला, तर तांबं ११४ अंशांवर. लोखंडाचा लॉस नाही, पीडब्ल्यूएमचा (इन्व्हर्टरच्या वेगवान चालू-बंदचा) गोंगाट नाही. थर्मोकपल इन्व्हर्टरच्या शेजारी काय काय खोटं बोलतो हे ज्याने पाहिलंय त्याला या शांततेची किंमत कळेल.

पहिली दोन मिनिटं दर सेकंदाला नोंद ठेवा. तुमच्याकडे अंदाजे १.२ किलो तांबं, म्हणजे ४६० जूल प्रति अंश. सुरुवातीला उष्णता फक्त तांब्यात साठते, तेव्हा तापमान झपाट्याने चढतं. मग लोखंड ती ओढायला लागतं आणि चढ मंदावतो. हे वळण किती सेकंदांनी येतं? ०.०८ गुणिले ४६०, म्हणजे ३७ सेकंदांच्या आसपास आलं तर स्लॉट चांगला भरलाय. दीड मिनिटाने आलं तर हॅक्सॉ काढा. पुढचे दोन-तीन तास दर मिनिटाला एक नोंद पुरे. शेवटच्या तापमानावरून एकूण औष्णिक रोध कळेल. फक्त चाक स्थिर असल्याने आतली हवाही स्थिर आहे, तेव्हा हा रोध फिरत्या मोटरपेक्षा जास्त येणार, हे विसरू नका. फिरतानाचा हवा असेल तर बेंचवर चालवून, झटक्यात थांबवून, पहिल्या अर्ध्या मिनिटात तांब्याचा रोध मोजा आणि आलेख मागे ताणून थांबण्याच्या क्षणापर्यंत न्या.

मॉडेलसाठी सात गाठी (प्रत्येकी एकच तापमान धरलेले भाग) बास झाल्या: स्लॉटमधलं तांबं, एण्ड वाइंडिंग, दात, योक (दातांना जोडणारं लोखंडी कडं) आणि आतला अॅल्युमिनिअम हब मिळून एक, आतली हवा, चुंबक, आणि कव्हर-रिम. प्रत्येक गाठीला उष्माधारकता, दोन गाठींमध्ये रोध. एक्सेलमध्ये एका ओळीला एक सेकंद, तासाला ३६०० ओळी. पुढचं तापमान म्हणजे आत्ताचं अधिक निव्वळ वॅट भागिले उष्माधारकता. हवेची उष्माधारकता नगण्य असते, तिथे पाढा उड्या मारतो, म्हणून तिला साठवणूक न देता दोन्ही बाजूंचा समतोल काढून तापमान द्या. तांब्याचा लॉस त्या त्या ओळीतल्या तापमानावरून काढायचा, हे आता सांगायला नको. चुंबकातले भोवरी प्रवाह तुमच्या कमी फ्रिक्वेन्सीला किरकोळ आहेत; वेगवान मोटरीत मात्र तेच डोकेदुखी होतात.

स्टेटर आणि हब यांच्या सांध्याचं एक सांगतो, कारण ते पुढच्या मोटरीला लागेल. दाबून बसवलेल्या सांध्यातही साधारण दोन-तीन शतांश मि.मी. हवेइतका रोध राहतो. अॅल्युमिनिअम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. तुमच्याकडे अॅल्युमिनिअम आत आहे, म्हणून मोटर तापली की सांधा घट्ट होतो. नेहमीच्या मोटरीत ते बाहेर असतं, तिथे उलट. १३० मि.मी. व्यासावर दोघंही १०० अंशांनी तापले तर व्यासात ०.१४ मि.मी. चा फरक पडतो, आणि गार असताना घट्ट असलेली बॉडी गरम झाल्यावर स्टेटरला सोडू बघते. नेमकी गरज असते तेव्हाच.

आता चुंबक. पंख्यासमोर कव्हर सत्तरीच्या आसपास राहिलं असेल, चुंबक त्याहून थोडे वर. एन ग्रेडची मर्यादा ८० धरतात. म्हणजे दहा अंशांची ऐस होती असं वाटेल. पण मॉडेलमध्ये थांबलेली गाडी घालून बघितलीत का? तुम्ही कोल्हापूरहून माल घेऊन पन्हाळ्याचा चढ चढता आणि वर झुणका-भाकर खायला थांबता. करंट शून्य झाला, म्हणून वाइंडिंग गार व्हायला लागतं. पण स्टेटरमध्ये साठलेली उष्णता जाणार कुठे? तिची वाट चुंबकांवरूनच आहे. आणि वारा बंद झाल्याने कव्हरचा बाहेरचा रोध ०.२६ वरून ०.७६ झालाय. मी तुमचे आकडे घालून पाहिलं: स्टेटर १७० आणि चुंबक ७० वर असताना गाडी थांबवली तर चुंबक चढतात, आणि पंधरा मिनिटांनी ८० ला टेकतात. हे ३५ अंशांच्या हवेत. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ असतं, तिथे सरळ दहा मिळवा. म्हणजे चुंबक सर्वांत गरम असतात ते चढावर नाही, भाकरी संपवून हात धुताना. आणि लगेच तुम्ही माल भरलेली गाडी पूर्ण करंटवर हलवता. चुंबकाची ताकद अंशाला ०.१२ टक्क्यांनी घटते, पण उलट्या क्षेत्रापुढे टिकण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहून जास्त वेगाने घटते. चुंबकाला कायमचा डाग लागतो, म्हणजे ताकद कायमची जाते, ती या क्षणी.

तेव्हा एन ग्रेड नको, एवढं नक्की. पण एसएचसुद्धा लगेच नको. एच ग्रेड १२० अंशांपर्यंत चालतो, तुम्हाला पुरेल, मात्र कंट्रोलरच्या कमाल करंटला चुंबकाचा १०० अंशांवरचा वक्र (उलट्या क्षेत्रापुढे तो किती टिकतो ते दाखवणारा आलेख) तपासून. वरच्या ग्रेडला डिस्प्रोशियम किंवा टर्बियम यांसारखं दुर्मिळ मूलद्रव्य लागतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाने लावल्यापासून छोट्या खरेदीदाराचे किती हाल होतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. चुंबक चिकटवलेला गोंदही तपासा. चुंबक १२० चा आणि गोंद ८० ला मऊ पडणारा, असं मी पाहिलंय.

चुंबकाचं तापमान मोजायला सेन्सर लागत नाही. मोटर गार असताना २०० आरपीएमवर बाहेरून फिरवा आणि टर्मिनलवरचं व्होल्टेज लिहून ठेवा. समजा ३० अंशांवर २० व्होल्ट आले. गरम असताना त्याच वेगाला १८.६ आले तर ७ टक्के घट, भागिले ०.१२, म्हणजे चुंबक सुमारे ५८ अंशांनी तापलेत. मग रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पुन्हा मोजा. २० परत आले तर ठीक. १९.४ वरच अडकले तर चुंबकांचा काही भाग कायमचा गेला. तुमच्या १६८ वाल्या मोटरवर हे आजच करा.

एअर गॅपचा रोध कमी करायचा एक उपाय बाजारात आहे: फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकाकडे ओढला जाणारा द्रव. कॅनडातली ग्रिन टेक्नॉलॉजीज ते स्टेटरेड नावाने विकते. गॅपमध्ये काही मिलिलिटर सोडायचं, चुंबक ते जागेवर धरून ठेवतात. हवेच्या पाचपट वाहकता धरली तर १.२ चा रोध ०.२४ होतो आणि तुमचा एकूण ०.९५ वरून ०.५५ च्या खाली. त्यावर मघाचं चक्रही ढिलं पडतं, म्हणून खरा फायदा आणखी मोठा. थोडं घर्षण वाढतं. आणि घाटात चुंबक आधीपेक्षा लवकर तापतात, हेही मॉडेलला विचारा.

राहिलं सॉफ्टवेअर. पाण्याचं जॅकेट किंवा तेलाचे फवारे असते तर घ्या म्हटलं असतं. तुमच्या मोटरीला नको. द्विमितीय स्थिर अवस्थेसाठी फेम (एफईएमएम) हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, स्लॉटचा आडवा छेद त्यात छान सुटतो. वाचलेल्या पैशांतला थोडा भाग चांगल्या चार तारांच्या मिलिओहम मीटरला द्या. आणि ती चकचकीत पॉलिश केलेली कव्हरं काळी करून घ्या. चकाकणारं अॅल्युमिनिअम उष्णता जवळजवळ उत्सर्जित करतच नाही, काळा रंग नव्वद टक्के करतो. धावत्या गाडीला फारसा फरक पडत नाही, पण उभ्या गाडीचा ०.७६ हा आकडा मी काळी कव्हरं धरून काढलाय. तुमची आहेत तशीच ठेवलीत तर तिथे दीड लिहा आणि पन्हाळ्यावरच्या त्या पंधरा मिनिटांचा हिशेब पुन्हा करा.